गुंडीचा दर

1935 साली वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत विनोबा भावे रोज आठ-नऊ तास सूत कातत होते. कताईच्या मजुरीवर माणसाचं पोट भरतं का, हे त्यांना स्वतःच्या हातांनी पाहायचं होतं. दिवसाकाठी चार गुंड्या निघत. एक गुंडी म्हणजे 640 तार आणि एक तार चार फुटांचा. चार गुंड्यांचं सूत सरळ पसरलं तर तीन किलोमीटरच्या वर जाईल. खादीचं काम पाहणाऱ्या चरखा संघाच्या त्या वेळच्या दराने या दिवसभराच्या कामाचे होत होते दोन आणे, फार तर सव्वादोन. गांधीजींना हे कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, तुमच्या हिशेबाने रोजची गरज किती? विनोबांनी आठ आणे सांगितले. विनोबांसारखा कसलेला हात दिवसभर मान खाली घालून राबतो आणि गरजेच्या चौथाईवर येऊन थांबतो, तर घरचं सगळं उरकून चरख्यावर बसणाऱ्या बाईच्या पदरात काय पडत असेल, हा प्रश्न मग टाळता येण्यासारखा राहिला नाही.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान खादी संस्थेत हिशेब लिहिते. केंद्रावरच्या बायांच्या गुंड्या मोजून घ्यायच्या, सुताचा अंक, म्हणजे बारीकपणा, तपासायचा, पुस्तकात मांडायचं आणि महिनाअखेर मजुरी खात्यावर टाकायची, हे माझं काम. हल्ली विक्रीच्या टेबलाशी येणारी तरुण मुलं चौकस असतात. कापूस सेंद्रिय आहे का, रंग झाडपाल्याचा आहे का, धुलाईचं पाणी कुठे सोडता, असं विचारतात. मला त्यांचं कौतुक वाटतं. पण हे सूत जिने कातलं तिला किती मिळाले, असं विचारणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं. खरं तर हा प्रश्न आमच्याच जिल्ह्यात नव्वद वर्षांपूर्वी विचारला गेला होता, त्यावर कडाक्याची चर्चा झाली होती आणि ठरावही झाला होता.

तिथवर पोचायचं तर आधी हिंगणघाटला जावं लागतं. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात नावाने ओळखला जायचा. 1861 ते 65 या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड आणि मध्य प्रांताच्या काळ्या मातीवर पडली. 1867 मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापसाचा खास कमिशनर नेमला गेला होता, रिव्हेट-कारनॅक नावाचा. त्याच्या अहवालांत हिशेब उघड मांडलेला आहे: इथून कापूस जाईल, तिकडून कापड येईल, ते कापड इथल्या कापडापेक्षा स्वस्त पडेल, आणि मग इथले कातणारे-विणणारे हात शेतीकडे वळून आणखी कापूस पिकवतील. माणसांचा धंदा बुडणं ही त्याच्या लेखी सोय होती. मला हा मजकूर वाचताना दर वेळी राग येतो, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट पुढे तशीच घडली.

कताई आधी गेली. कोष्टी विणकर तगून राहिले, कारण त्यांनी माग सोडला नाही, फक्त गिरणीचं सूत लावलं. चरख्यावरच्या बाईला असा दुसरा आधार नव्हता. तिचं काम गेलं त्याची नोंददेखील कुठे झाली नाही. घरातली बाई काय कमावत होती हे लिहून ठेवायची पद्धतच नव्हती.

गिरण्यांमध्ये मजुरीचा आणि माणुसकीचा प्रश्न त्या मानाने लवकर चव्हाट्यावर आला, कारण तिथे हजारो माणसं एका छपराखाली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, महिन्याच्या 15 तारखेपर्यंत पगार, अपघातात भरपाई, या त्यांच्या मागण्या होत्या, आणि 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये, जी जमशेटजी टाटांनी 1877 च्या 1 जानेवारीला सुरू केली, 1886 मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी निघाला आणि 1895 मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली. घरात बसून कातणाऱ्या बाईसाठी सभा कोण घेणार? ती एकेकटी होती आणि आपल्या सुताचा भाव ठरवणं तिच्या हातात कधीच नव्हतं.

सप्टेंबर 1925 मध्ये पाटण्याला अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. संघाचं पहिलं दशक पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. कताईला तेव्हा फावल्या वेळाची कमाई मानत. शेतीची कामं नसतात त्या महिन्यांत बाईला चार पैसे मिळावेत, काहीच नसण्यापेक्षा ते बरे, अशी मांडणी होती. पिंजाऱ्याचा आणि विणकराचा दर बाजाराप्रमाणे ठरे, कारण त्यांना दुसरं काम मिळू शकत होतं. कातणारीला मिळू शकत नव्हतं, म्हणून खादीची किंमत कमी ठेवायची वेळ आली की कात्री तिच्याच दरावर चाले. संघातली माणसं निष्ठुर नव्हती. खादी खपली पाहिजे या काळजीने त्यांना पछाडलं होतं. एकीकडे गिरण्या जाड्याभरड्या कापडावर खद्दर असा शिक्का मारून विकत होत्या. 1934 मध्ये त्या नावाच्या रक्षणासाठी सरकारला कायदा करावा लागला. नाव राखायचा बंदोबस्त झाला. मजुरीचं मात्र काही ठरलं नव्हतं.

1935 च्या उन्हाळ्यापासून गांधीजींनी हा विषय हातात घेतला तो विनोबांच्या त्या दोन आण्यांनंतर. तेव्हा ते वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते. एका तासाच्या श्रमाला एकच मोल असावं, मग तो तास विणकराचा असो, सुताराचा असो की कातणारीचा, इथपर्यंत त्यांचा विचार गेला होता. आठ तासांना आठ आणे. कार्यकर्ते हादरले. खादी आधीच गिरणीच्या कापडाच्या कितीतरी महाग, त्यात कताईचा दर तिप्पट-चौपट केला तर गिऱ्हाईक उरेल का? गिऱ्हाईक गेलं तर जी दोन आणे मिळवते तिचे तेही जातील. हा आक्षेप खोटा नव्हता. आजही आमच्या बैठकीत तो याच शब्दांत येतो.

ऑक्टोबर 1935 मध्ये वर्ध्याला चरखा संघाने ठराव केला. आठ तास नीट काम करणाऱ्या कातणारीला किमान इतकी मजुरी मिळाली पाहिजे की तिला वर्षाला 20 वार कापड आणि शास्त्रीय प्रमाणाने ठरवलेला आहार परवडेल. आठ आण्यांचा आकडा टिकला नाही, दर तीन-चार आण्यांच्या आसपास येऊन थांबला. तरीही हा ठराव मला फार मोठा वाटतो. दर काढायची रीतच त्याने उलटी केली. तोवर बाजारातल्या कापडाच्या भावापासून मागे मागे येत, सगळ्यांचं वजा करून, उरेल ते कातणारीला मिळे. आता तिच्या ताटापासून सुरुवात करून पुढे कापडाची किंमत काढायची होती. ज्वारी किती, डाळ किती, तेल किती, हे आधी. देशात किमान वेतनाचा कायदा 1948 मध्ये आला, त्याच्या तेरा वर्षं आधीची ही गोष्ट.

एक बाजू मात्र मला पटत नाही आणि ती लिहायला हवी. वाढीव मजुरीबरोबर अट आली की कातणारीने खादीच नेसली पाहिजे, आणि मजुरीचा काही भाग खादीच्या रूपाने देण्याची पद्धतही रूढ झाली. तिने आपल्या सुताचं कापड नेसावं, घर कपड्यापुरतं स्वावलंबी व्हावं, हा हेतू मला समजतो. पण कमाई तिची, तर ती कशावर खर्चायची हेही तिनेच ठरवायचं. ज्या घरात औषधाला पैसा नाही तिथे नवं लुगडं हातात देणं हा न्याय झाला नाही. शहरातल्या खादीधारी वकिलाला अशी अट घालून कुणी त्याची फी कापडात दिली नसती.

मजुरी कापसावर किती अवलंबून असते हे चरख्यावर बसल्याशिवाय कळत नाही. झाडावरून वेचलेला कापूस ओला नसावा, त्यात पाचोळा नसावा. तो लोढून सरकी वेगळी करायची. हातरेच्यावर लोढलेल्या कापसाचा धागा तुटत नाही, सरकी फुटत नाही. तीच सरकी गाईच्या आंबोणात जाते आणि चांगली निवडून पुढच्या पेऱ्यालाही चालते. मग रुई पिंजायची. पिंजणाच्या तातीवर ठोका बसला की रुई फुलून वर येते, तंतू सुटे होतात आणि कचरा खाली गळतो. त्या फुललेल्या रुईचे पातळ थर सळईवर गुंडाळून वीतभर लांबीचे पेळू करायचे. पेळू सारखा असला की डाव्या हाताच्या चिमटीतून तार आपसूक निघतो. उजवा हात चाक फिरवत असतो, चातीचं टोक किंचित थरथरतं आणि बाई बोलता बोलता हातभर तार ओढून चातीवर भरते. पेळूत एक गाठ आली की तार तुटला. तो जोडायला पाच-सहा सेकंद जातात. तासात चाळीस वेळा तुटला तर तिच्या दिवसातला अर्धा तास निव्वळ जोडण्यात गेला, आणि जोडण्याची मजुरी कुणी देत नाही.

म्हणूनच 1935 नंतर वर्ध्याच्या कार्यकर्त्यांनी पिंजाईवर इतका जोर दिला. नुसता दर वाढवून भागत नव्हतं. ठरावातलं आठ तासांचं नीट काम तिच्या हातून व्हायचं तर कापूस गावचाच, न दाबलेला, ताजा हवा होता. गाठी बांधताना यंत्राच्या दाबाने रुई अशी बसते की ती पुन्हा फुलवायला दुप्पट पिंजावं लागतं. विदर्भ-मराठवाड्यातला देशी कापूस, ज्याला मराठवाड्यात गावरानी म्हणतात, अमेरिकन कापसापेक्षा आखूड धाग्याचा होता. गिरण्यांना लांब धागा हवा होता, हातकताईला हा चालत होता. मूळ खोल, पावसाच्या पाण्यावर येणारा, मावा-तुडतुड्यांना दाद न देणारा. लांब धाग्याच्या अमेरिकन वाणांनी, नंतर 1970 पासून संकरित वाणांनी आणि 2002 पासून बीटीने त्याची जागा घेतली. आज आमच्या भागात दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटीत सीतादहीची पूजा होते, दहीभात ठेवला जातो, आणि ज्या झाडापुढे तो ठेवतात त्याचं बी दर वर्षी दुकानातून विकत आणलेलं असतं.

मगनवाडीतच जे. सी. कुमारप्पा होते. डिसेंबर 1934 मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचं काम ते पाहत. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस वर्ध्याच्या उन्हात तेलघाणी, हातकागद आणि मधमाश्यांचे प्रयोग करत बसला. वस्तू विकत घेणारा माणूस ती ज्या परिस्थितीत बनली तिच्या पापपुण्याचा वाटेकरी असतो, हा विचार त्यांनी 1936 मध्येच पुस्तकातून मांडला होता. लांबून आलेल्या वस्तूची अशी चौकशी करता येत नाही, म्हणून जवळची घ्या, हा त्याचाच पुढचा भाग. नैसर्गिक धागा, जबाबदार खरेदी असं ज्याला आज म्हणतात ते सगळं कुमारप्पांच्या लिखाणात आहे. 1938 च्या 30 डिसेंबरला गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. चरख्यांचे किती प्रकार होते हे ज्याला पाहायचं असेल त्याने तिथे जावं.

हातांचा वेग वाढावा म्हणूनही धडपड झाली. 1929 मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अटी कडक होत्या: किंमत दीडशे रुपयांच्या आत, खेड्यात दुरुस्त होणारा, आठ तासांत 16,000 वार सूत देणारा. विनोबांचं दिवसाचं सूत साडेतीन हजार वारांच्या आतबाहेर होतं, यावरून अंदाज यावा. किर्लोस्करवाडीहूनही एक यंत्र आलं होतं, पण ते सगळ्या अटींना उतरलं नाही. ते लाख रुपये कुणालाच मिळाले नाहीत. पुढे तमिळनाडूच्या एकंबरनाथांनी अनेक चात्यांचा चरखा केला, तोच अंबर चरखा, आणि 1956 पासून सरकारने तो देशभर नेला. आज आमच्या केंद्रावर आठ चात्यांचे अंबर आहेत.

गांधीजींनी 1940 सालचे आकडे छापले आहेत. त्या वर्षी 13,451 खेड्यांतल्या 2,75,146 माणसांना कताई-विणाईचे मिळून 34,85,609 रुपये मिळाले. त्यांत 57,378 मुसलमान आणि 19,645 हरिजन होते, आणि कातणाऱ्या बहुतेक बायाच होत्या. हिशेबनीस म्हणून माझा हात लगेच भागाकाराकडे जातो. माणशी वर्षाला पावणेतेरा रुपयांच्या आत. विणकर पूर्णवेळ काम करत आणि जास्त मिळवत, म्हणजे कातणारीच्या वाट्याला याहून कमी. बहुतेक जणी दिवसातून दोन-तीन तासच कातत असणार, हे धरलं तरी ठरावातलं 20 वार कापड आणि पोटभर अन्न या आकड्यात बसत नाही. ठराव झाला होता, दर वाढले होते, आणि तरीही एवढंच. हे वाचून ज्यांना वाटेल की सगळं व्यर्थ होतं, त्यांना मी सांगेन की तेरा हजार खेड्यांत बाईच्या नावाने पैसा लिहिला जाणं हे त्याआधी कधीच झालेलं नव्हतं.

1944 मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधीजींनी सेवाग्रामला चरखा संघाच्या कामाची फेरमांडणी केली. विक्रीच्या खादीपेक्षा स्वतःपुरती कातलेली खादी मोठी मानायची आणि दुकानातून घेताना किमतीचा काही भाग स्वतः कातलेल्या सुताने चुकवायचा, असा नियम आला. गिऱ्हाईकाने निदान एकदा तरी तार ओढून पाहावा, त्याशिवाय त्याला दर समजणार नाही, असं मी त्याचं कारण समजते. नियम फार चालला नाही. स्वातंत्र्यानंतर खादी आणि ग्रामोद्योग आयोग आला, सूट आली, अनुदान आलं. कापडाची किंमत सुटीने खाली ठेवायची सवय लागली आणि दराचा प्रश्न कागदांच्या खाली गेला.

गेल्या काही वर्षांत तो पुन्हा वर आला आहे, हे सांगायला मला आनंद होतो. आयोगाने 2 ऑक्टोबर 2024 पासून गुंडीचा दर 10 वरून 12.50 रुपये केला आणि एप्रिल 2025 पासून 15 रुपये. आताची गुंडी हजार मीटरची. साध्या मध्यम कापडाच्या एका मीटरला तीन-साडेतीन गुंड्या लागतात, म्हणजे मीटरमागे कताईचे पन्नासेक रुपये. आमच्याकडची चांगल्या हाताची बाई चांगल्या पेळूवर दिवसाला वीस गुंड्या काढते. तिचे तीनशे झाले. महाराष्ट्रात रोजगार हमीचा 2025-26 चा दर 312 होता. अंतर त्या वर्षी बारा रुपयांवर आलं. आदल्या वर्षी, साडेबाराच्या दराने, ते सत्तेचाळीस होतं.

पण वीस गुंड्या चांगल्या पेळूवर. आमचे पेळू परराज्यातल्या कारखान्यातून येतात. आमच्या शिवारातला कापूस जिनिंगला जातो, गाठी होऊन गाडीत बसतो आणि आम्ही दुसऱ्याच मातीचा कापूस कातत बसतो. पेळू खराब आला की वीसच्या बारा-तेरा गुंड्या होतात. कधी आठ-आठ दिवस येतच नाही आणि चरखे उभे राहतात. मागच्या पावसाळ्यात असेच दिवस गेले. एक मावशी रोज येऊन चरखा पुसून जात होत्या. शेवटी माझ्या टेबलाशी आल्या. "ताई, मी तं आली होती ना जी. हात रिकामे राह्यले ते माह्यामुळे का?" मी पुस्तक उघडलं. हजेरीला रकाना होता, गुंड्यांना होता, आलेली पण काम न मिळालेली बाई लिहायला रकाना नव्हता.

1935 चा ठराव आठ तासांवर उभा होता. गुंडीवर दर असला की कापसाची, पेळूची, वाहतुकीची सगळी ढिलाई कातणारीच्या तासांतून वसूल होते, कुणाला दिसतही नाही. म्हणून मी आमच्या कार्यकारिणीपुढे दोन गोष्टी लेखी ठेवल्या आहेत. एक, पेळू नसल्याने बसून काढलेल्या दिवसाची अर्धी मजुरी संस्थेने द्यावी. दुसरी, गावातल्याच चार शेतकऱ्यांकडून गावरानी कापूस पेरून घ्यावा आणि पिंजाईचं लहान यंत्र केंद्रावर बसवावं. एक शेतकरी दोन एकरांना तयार आहे, बियाण्याची चौकशी चालू आहे. अर्ध्या मजुरीला विरोध आहे. पैसा कुठून आणायचा, असं कोषाध्यक्ष विचारतात. कापडाच्या मीटरमागे तीन रुपये वाढवले तर भागतं, एवढा हिशेब करून मी त्यांच्याकडे दिला आहे. बैठक पंचवीस तारखेला आहे. हजेरीपुस्तकात नवा रकाना मात्र मी या महिन्यापासूनच आखला आहे.